मेळ्यातली गाडी आणि कोटेशनच्या सात ओळी

पत्र: "काकू, मी ग्वाल्हेरमध्ये थाटीपूरला राहते, शाळेत शिकवते. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, त्यांना टेम्पोत चढता-उतरता येत नाही, म्हणून यंदा गाडी घ्यायची ठरली. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडीचा रोड टॅक्स अर्धा लागतो म्हणून दिवाळीपासून थांबलो होतो. गेल्या रविवारी मेळ्यात २१,००० भरून बुकिंग केलं. पैसे भरल्यावर कोटेशन हातात आलं: एक्स-शोरूम ९,४०,०००, आरटीओ व इतर ५१,५००, विमा ४६,८००, हँडलिंग आणि लॉजिस्टिक ८,५००, एसेन्शियल किट १८,९००, नंबर प्लेट-फास्टॅग २,१००, वाढीव वॉरंटी १६,५००. एकूण १०,८४,३००. हँडलिंग म्हणजे काय विचारलं तर सेल्समन म्हणाला, 'मॅडम, ये तो सबको लगता है.' विमा बाहेरून घेऊ का म्हटलं तर, 'फिर मेले वाली छूट नहीं मिल पाएगी.' बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, चारचौघांत पैशांवरून हुज्जत घालणं आपल्याला शोभत नाही. हे म्हणतात, अकरा लाखांत वीस-तीस हजारांचं काय घेऊन बसलीस. बाबांची इच्छा आहे की वसंत पंचमीला गाडी घरी यावी. त्याच डीलरचं ऑक्टोबरमधलं कोटेशनही सोबत पाठवते आहे. त्यात टॅक्सचे ७५,२०० लिहिले होते. यांच्या मित्राने तेवढ्याच कव्हरचा विमा दुसऱ्या कंपनीकडून ३३,४०० मध्ये काढून देतो म्हटलंय. कर्ज सहा लाखांचं घेतोय, तेही डीलरच करून देणार आहे, 'सहा टक्के फ्लॅट'. काकू, मी उगाच भांडते आहे का?"

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते. नाही गं, तू उगाच भांडत नाहीयेस. मला तर उलट वाटतं की तू फार हळू बोललीस.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका बँकेत वाहन कर्जाच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसले. रोज कोटेशनं बघायची. त्यामुळे तुझ्या कोटेशनचा फोटो आला तेव्हा तो मोठा करून दोनदा वाचला आणि मग वही-पेन घेऊनच बसले. आधी हिशेब करू, मग बाकीचं बोलू.

ऑक्टोबरच्या कागदावर टॅक्स ७५,२००. मेळ्याची सवलत निम्म्याची, म्हणजे तुमचे वाचायला हवेत ३७,६०० आणि भरायला हवेत तेवढेच ३७,६००. त्यात नव्या कारची नोंदणी फी ६०० रुपये. कर्ज असल्यामुळे बँकेचा बोजा चढवायचे १,५००. आणखी दोन-चारशे इकडे-तिकडे धर. बेरीज चाळीस हजारांपर्यंत जाते. कागदावर मात्र ५१,५०० आहेत. म्हणजे 'व इतर' या दोन शब्दांत साडेअकरा हजार बसलेत. त्यात हँडलिंगचे साडेआठ हजार मिळव, किटचे १८,९०० मिळव, विम्यातला फरक १३,४०० मिळव. झाले ५२,३००. सरकारने तुमचे ३७,६०० सोडले आणि या कागदाने ५२,३०० उचलले. मेळ्यासाठी तुम्ही दिवाळीपासून तीन महिने थांबलात, बाबा तीन महिने टेम्पोचे धक्के खात दवाखान्यात गेले, आणि हाती आलं ते हे. मला याचाच राग येतो.

आता मेळ्याच्या सवलतीचं नीट समजून घे, कारण तुला धमकी तिच्याच नावाने दिली गेली आहे. आपला मेळा १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला. तेव्हा गुराढोरांचा बाजार भरायचा, आज तिथे गाड्यांचे तंबू लागतात आणि गावातली निम्मी घरं गाडी घ्यायला डिसेंबर-जानेवारीची वाट बघतात. टॅक्समधली ५० टक्के सूट राज्य सरकार देतं, डीलर नाही. तिच्या अटी साध्या आहेत: गाडी मेळ्यात दुकान लावलेल्या डीलरकडून विकली गेली पाहिजे आणि तिची कायमची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत झाली पाहिजे. विमा कोणाकडून काढला, पायपुसणी कोणाकडून घेतली, याचा त्या सुटीशी काडीचा संबंध नाही. सूट आरटीओच्या संगणकात टॅक्स भरताना लागते आणि टॅक्सच्या पावतीवर दिसते. म्हणून 'छूट नहीं मिलेगी' हे वाक्य कानावर आलं की एवढंच म्हणायचं: हे मला लिहून द्या. एकोणीस वर्षांत हे लिहून दिलेला माणूस मी पाहिला नाही.

एक काळजी मात्र घे. मेळ्याचं उद्घाटन आणि सवलतीच्या सरकारी आदेशाची तारीख एकच असते असं नाही. आदेश निघाला आहे ना, याची खात्री करूनच गाडी नोंदवायला दे. 'आधी पूर्ण टॅक्स भरून टाकू, नंतर अॅडजस्ट करू' असं कोणी म्हणालं तर थांब. सरकारी खजिन्यात गेलेला पैसा परत काढणं किती कटकटीचं असतं, ते तू शाळेच्या एरियरवरून ओळखतेसच.

आरटीओच्या ओळीबद्दल फार बोलायला नको. नोंदणी ऑनलाइन होते, प्रत्येक रुपयाची सरकारी पावती निघते. डीलरला सांग, 'आरटीओचे जेवढे लागतील तेवढे पावतीप्रमाणे देऊ.' मग 'फाइल चार्ज', 'एजंट खर्च', 'सेवा शुल्क' असली नावं बाहेर येतील. तुम्ही एजंट नेमलेला नाही. नवी गाडी नोंदवण्याचा अर्ज डीलरच करतो, ते त्याचं कामच आहे.

हँडलिंग चार्जेस म्हणजे काय, हा तुझा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला 'सबको लगता है' हे उत्तरच नव्हे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी स्टॉकयार्डातून शोरूमपर्यंत आणणं, धुणं, पुसणं, तपासणं याचे हे पैसे. पण एक्स-शोरूम किंमत या शब्दाचाच अर्थ शोरूमच्या दारात उभी असलेली, विकायला तयार गाडी. ती तिथपर्यंत येण्याचा खर्च त्या ९,४०,००० मध्ये आलाय आणि डीलरला त्यावर कंपनीकडून मार्जिनही मिळतं. काही राज्यांच्या परिवहन खात्यांनी असे पैसे घेऊ नका म्हणून डीलरांना लेखी बजावलेलं आहे. हे पैसे पुष्कळदा साध्या पावतीवर घेतात, जीएसटी नंबर असलेल्या पक्क्या बिलावर दाखवत नाहीत, कारण पक्क्या बिलावर दाखवलं की उत्तर द्यावं लागतं. म्हणून तू पक्कं बिलच माग. माझा अनुभव असा की शंभरातले बरेचसे हँडलिंग चार्जेस 'पक्क्या बिलावर घाला' म्हटलं की तिथेच विरघळतात.

विम्यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे मुरतो आणि सगळ्यात जास्त भीतीही इथेच दाखवतात.

नव्या कारला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून देणारा, तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. या थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. सगळ्या कंपन्यांचा तो एकच असतो, त्यात घासाघीस होत नाही. तुमच्यासारख्या १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि वर जीएसटी, असा २०२२ साली जाहीर झालेला दर आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो एक वर्षाचा घेतला तरी पुरतो. तीन-तीन वर्षांचा एकत्र विमा गळ्यात मारण्याची पद्धत २०२० च्या ऑगस्टपासून बंद झाली. कंपनी-कंपनीत जो फरक पडतो तो या दुसऱ्या भागात, आणि डीलरचं कमिशनही त्यातूनच निघतं.

आता तुलना कशी करायची ते बघ. दोन्ही कागद शेजारी ठेव. पहिल्यांदा आयडीव्ही बघ, म्हणजे गाडी चोरीला गेली तर कंपनी किती रुपये धरणार. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला किमतीतून पाच टक्के वजा करतात, म्हणजे तुमचा आकडा ८,९३,००० च्या आसपास असायला हवा. स्वस्त दिसणाऱ्या विम्यात हा आकडा हळूच आठ लाखांवर आणलेला असतो. तुझ्या यजमानांच्या मित्राच्या ३३,४०० मध्ये तसं नाही ना, ते आधी तपास. मग झिरो डेप, म्हणजे भाग बदलताना घसारा न कापणारं कव्हर, आहे का, इंजिनचं कव्हर आहे का, रस्त्यात मदत आहे का. किल्ली हरवण्याचं, टायरचं, सामानाचं अशी पाच-सात कव्हरं डीलरच्या कागदावर असतील. त्यातली तुला लागतात तेवढी ठेव. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही त्यात घातलेला असतो; यांच्या नावावर तसाच पंधरा लाखांचा विमा आधीपासून असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून देता येतं.

सेल्समन दोन गोष्टी सांगेल. पहिली, बाहेरचा विमा असला तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस होणार नाही. कॅशलेस हा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातला करार असतो. विमा कोणी विकला यावर तो ठरत नाही. त्या विमा कंपनीच्या यादीत हे वर्कशॉप आहे का, हे फोन करून दोन मिनिटांत कळतं. दुसरी गोष्ट, चेसिस नंबर सगळे पैसे भरल्याशिवाय देता येत नाही. बाहेरचा विमा चेसिस आणि इंजिन नंबरशिवाय निघत नाही आणि विम्याशिवाय नोंदणी होत नाही, हे त्याला ठाऊक असतं. हा अडवणुकीचा नेहमीचा रस्ता आहे. कर्ज मंजूर झालं की 'गाडी अॅलॉट करा आणि नंबर पाठवा' असं लेखी मागायचं. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०१७ साली वाहन डीलरांसाठी जे नियम काढले त्यात ग्राहकाची निवड मोकळी ठेवली आहे.

पण एक सांगते, डीलरचा विमा म्हणजे विष नव्हे. बाबांच्या वयाचं माणूस गाडीत बसणार, कुठे ठोकर लागली तर एकाच दारात सगळं उरकतं, ही सोय खरीच आहे. म्हणून मित्राचा कागद त्याच्यापुढे ठेव आणि म्हण, 'या रकमेत, याच आयडीव्हीवर द्या, इथूनच घेते.' दहातले सात जण खाली उतरतात. तुझ्यापुढचा माणूसही दहा-बारा हजार तिथल्या तिथे सोडेल असा माझा अंदाज आहे. सोडले तर घे.

एसेन्शियल किट. नाव असं ठेवलंय की वाटावं, त्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, गाडी झाकायचं कापड, एक सुगंधी बाटली, कधी कधी किल्लीचं पाकीट. कायद्याने जे लागतं ते, म्हणजे त्रिकोणी रिफ्लेक्टर वगैरे, कंपनी गाडीबरोबरच देते. बाकीचं बाहेरच्या बाजारात निम्म्याच्याही खाली मिळतं. हवं तर मॅट आणि मडफ्लॅप घे आणि त्यांची वेगवेगळी किंमत लिहून माग. सीट कव्हर तर मुळीच घाईने घेऊ नकोस. गाडीला सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर कुठलंही कव्हर चालत नाही, एअरबॅग उघडायला जागा ठेवलेलंच लागतं.

नंबर प्लेट-फास्टॅगचे २,१०० विचारून घे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीने डीलरमार्फत लावून द्यायची आहे, आणि नवी चारचाकी फास्टॅग लावूनच विकायची असा नियम १ डिसेंबर २०१७ पासून आहे. फास्टॅगचे पैसे घेत असतील तर तो कुठल्या बँकेचा, आत शिल्लक किती टाकली, ते विचार. पाचशे घेऊन शंभर टाकलेले मी पाहिलेत. वाढीव वॉरंटी मला वाईट वाटत नाही, तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर घ्यावीच. पण ती आजच घ्यावी लागते हे खरं नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत देतात, पुढे किंमत थोडी वाढते एवढंच. हे साडेसोळा हजार आज जड जात असतील तर बाजूला ठेव.

कर्जाचं वाचून मात्र मी खरोखर दचकले. 'सहा टक्के फ्लॅट' हे ऐकायला गोड लागतं. हिशेब असा: सहा लाखांवर सहा टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज १,८०,०००. एकूण ७,८०,०००, भागिले साठ हप्ते, हप्ता १३,०००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दलही फेडत असता, आणि फ्लॅटमध्ये व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण सहा लाखांवरच लावलेलं असतं. बँका ज्या पद्धतीने दर सांगतात, म्हणजे शिल्लक मुद्दलावर, त्या पद्धतीने हाच दर अकरा टक्क्यांच्या जवळ जातो. तुझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचार. आणि कर्ज कुठूनही घे, सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' माग. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ते प्रत्येक किरकोळ कर्जाला सक्तीचं केलंय. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. प्रोसेसिंग फी, कर्जाचा विमा, कागदपत्रांचा खर्च, सगळं तिथे उघडं पडतं. कर्जाचा विमा न विचारता घातला असेल तर काढायला सांग.

आता एक अशी गोष्ट, जी तुझ्या कोटेशनमध्ये नाही आणि जी मेळ्यात हमखास घडते. हे मी स्वतः भोगलंय.

मीही गाडी मेळ्यातूनच घेतली होती, फेब्रुवारीत. डीलरचं नाव घेत नाही. पंचवीस हजारांची सूट मिळाली म्हणून मी खुशीत होते, बँकेतली बाई असूनही. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून कागद फाइलमध्ये लावत होते. फॉर्म २१ हातात आला, विक्रीचं प्रमाणपत्र. त्यात एक रकाना असतो: उत्पादनाचा महिना आणि वर्ष. तिथे आदल्या वर्षीचा मार्च लिहिला होता. माझी नवी कोरी गाडी अकरा महिने कुठल्याशा यार्डात उन्हापावसात उभी होती. मी दिवा घेऊन खाली गेले आणि टायर बघितले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर आदल्या वर्षीच्या आठव्या-नवव्या आठवड्यातले. बॅटरी दीड वर्षात बसली. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने आरसीवरचं वर्ष बघितलं आणि एक वर्ष जुनी धरूनच भाव केला. पंचवीस हजारांची सूट तिथे गेली, वर आणखी गेले. आणि तो कागद मी सही करताना पाहिला नव्हता, कारण सेल्समनने वीस ठिकाणी पेन्सिलीने फुल्या करून ठेवल्या होत्या आणि मागे यजमान पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

मेळा असतो वर्ष संपताना आणि सुरू होताना. डीलरकडे गेल्या वर्षीचा माल उरलेला असतो आणि गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी चालत आलेलं असतं. म्हणून तू आत्ताच लिहून घे: गाडी कुठल्या महिन्यात बनलेली देणार. दोन-तीन महिन्यांपूर्वीची असली तर हरकत नाही. जानेवारीत नोव्हेंबरची गाडी हातात आली तर वर्ष गेल्या वर्षीचंच लागणार, त्याचा मोबदला म्हणून किंमत कमी करून माग. त्याहून जुनी असेल तर मी तरी घेणार नाही. पूर्ण पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघ, दिवसाउजेडी. टायरचे आकडे, चेसिस नंबर, किलोमीटरचा आकडा, दारांच्या कडेचा रंग. यांना घेऊन जा. फोटो ते काढतील, तू वहीत लिही.

आता सासऱ्यांचं आणि यांचं.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. लहानपणी आजी म्हणायची तेव्हा मला ती उधारी मागणाऱ्या नातेवाइकांबद्दल वाटायची. बँकेच्या टेबलावर बसल्यावर कळलं की शोरूममध्ये ती सगळ्यात जास्त खरी आहे. आमच्याकडे दुकानदार, ठेकेदार यायचे. ते कोटेशनची प्रत्येक ओळ खोडायला लावायचे, आणि आपले मास्तर, कारकून, पेन्शनर त्याच डीलरला पूर्ण पैसे देऊन यायचे. गाडी तीच, मॉडेल तेच. कोणाची चहा प्यायल्यावर बोलायची हिंमत व्हायची नाही. कोणाला काचेच्या केबिनमध्ये 'मॅडम, आप जैसे लोग...' म्हटलं की पाणी व्हायचं. हे सगळं त्या दुकानांनी नीट ओळखलेलं आहे. आधी बुकिंगचे पैसे, मग कोटेशन, हा क्रम उगाच ठरलेला नाही. पैसे दिले की आपल्याला मागे फिरायची लाज वाटते.

बाबांना हे सांग, पण त्यांच्या स्वभावाला दोष न देता सांग. त्यांच्या पिढीत दुकानदाराशी हुज्जत घालणं हलकं समजत, कारण तो दुकानदार महाराज बाड्याच्या बाजारातला ओळखीचा असायचा आणि त्यालाही लाज होती. इथे समोर माणूस नसतो, छापील तक्ता असतो. तक्त्यातली ओळ खोडा म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. यांच्यासाठी माझ्याकडे एकच आकडा आहे: ५२,३००. त्यांना म्हणावं, तुमच्या पगाराचे किती दिवस होतात ते मोजा. बाकी मी काही सांगायला नको.

आणि त्या सेल्समन मुलावर राग काढू नकोस. त्याचा पगार थोडा असतो आणि किट किती विकली, विमा किती विकला, यावर त्याचं उरलेलं पोट असतं. ओळ खोडण्याचा अधिकार त्याच्याकडे नाहीच. त्याला प्रेमाने म्हण, 'बाळा, मला मॅनेजरशी बोलायचंय.'

उद्या शाळेतून आल्यावर एक मेसेज कर, डीलरच्या मॅनेजरला, आणि ईमेलने गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला. हिंदीतच लिही, चार-पाच ओळी पुरे. एवढं लिही की, अमुक तारखेला अमुक पावतीने बुकिंग केलं. आरटीओची रक्कम सरकारी पावतीप्रमाणे घ्यावी. हँडलिंग शुल्क आणि किट आम्हाला मान्य नाही, ते सक्तीचं असेल तर कुठल्या नियमाने ते लेखी कळवावं. विम्याची निवड आम्ही करू, त्यासाठी चेसिस नंबर द्यावा. गाडीचा उत्पादनाचा महिना कळवावा. दोन दिवसांत सुधारलेलं कोटेशन द्यावं. रागाचा एकही शब्द नको. बुकिंगच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय तेही वाच आणि फोटो काढून ठेव. पैसे परत मिळणार नाहीत असं छापलेलं असलं तरी घाबरू नकोस. कोटेशन न दाखवता घेतलेली रक्कम अडकवून ठेवणं त्यांना तितकं सोपं नसतं, आणि मेळ्यात शेजारच्याच तंबूत दुसरा डीलर बसलेला असतो हे त्यांनाही दिसत असतं.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर फोन कर, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, हिंदीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीला पाठवतात. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण कंपनीला आपल्या नावावर तक्रार नको असते. विम्याची सक्ती केली तर आयआरडीएआयच्या १५५२५५ वर. आणि समजा बाबांच्या आग्रहाने तुम्ही सगळे पैसे भरलेतच, तरी हातचं गेलं असं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून, वकील न लावता. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. फक्त प्रत्येक कागद जपून ठेव, साधी पावतीसुद्धा. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र कोणी कितीही घाई केली तरी करायची नाही.

राहिली वसंत पंचमी. डीलरला तुमचा मुहूर्त कळला असेल तर तो आता त्याच दिवसाचा धाक दाखवणार, 'आज फाइनल कीजिए, नहीं तो उस दिन डिलीवरी नहीं होगी.' मुहूर्त त्याला सांगूच नकोस. सांगितला असलास तर म्हण, आमचं पुढच्या आठवड्यातही चालेल. मेळा साधारण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत असतो. बाबांना समजाव की पूजेला दिवस हवा तो घेऊ, पण गाडी पूर्ण होऊन घरी येऊ दे. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून नवी गाडी नोंदणीचा नंबर लागल्याशिवाय ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही. पुष्कळजण 'नंबर बाद में आ जाएगा' म्हणून हार घालून किल्ली देतात, आणि मग ठोकर लागली, चोरी झाली, तर विमा कंपनीकडे उत्तरं द्यायची वेळ तुमच्यावर येते. बाबांना गाडीत पुढे बसवून मांढऱ्याच्या मातेच्या दर्शनाला न्याल, तेव्हा तिच्यावर एमपी ०७ ची प्लेट ठोकलेली असू दे.

सुधारलेलं कोटेशन आलं की त्याचा फोटो मला पाठव. मी वही घेऊन बसते.